'बेपत्ता' या शब्दापाशी मी चुकले

चिलीचे दिग्दर्शक पात्रिसिओ गुझमान यांचा 'नोस्टॅल्जिया फॉर द लाइट' (2010) हा माहितीपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा चिलीचा इतिहास मला अजिबात माहीत नव्हता. अटाकामाचं वाळवंट, प्रचंड दुर्बिणी, तारे. मध्येच काही वयस्कर बायका छोटी फावडी घेऊन जमीन उकरत होत्या. सबटायटलमध्ये 'डिसअपिअर्ड' असं आलं, मी मनात 'बेपत्ता' म्हटलं आणि पुढे बघत राहिले. संपल्यावर मैत्रिणींना कळवलं, 'काय कॅमेरा आहे!'

त्या वाक्याची आज लाज वाटते.

आपल्याकडे बेपत्ता म्हणजे जत्रेत चुकलेलं पोर, पेपरातला फोटो, 'आढळल्यास कळवा'. चिलीत त्याचा अर्थ सरकारने उचलून नेलेला, आणि मग 'आमच्याकडे नव्हताच' म्हणून हात झटकलेला माणूस. 11 सप्टेंबर 1973 ला लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचं निवडून आलेलं सरकार उलथवलं. पुढच्याच महिन्यात लष्कराची एक तुकडी हेलिकॉप्टरने गावोगावचे कैदी मारत फिरली. 19 ऑक्टोबरला अटाकामातल्या कालामा शहरात 26 जण मारले. प्रेतं वाळवंटात पुरली आणि नंतर तिथूनही उकरून हलवली. 1990 मध्ये खड्डा सापडला, तेव्हा आत उरले होते ते नुसते तुकडे.

गुझमान स्वतः त्या उठावानंतर सांतियागोच्या स्टेडियममध्ये कैदेत होते. जमीन उकरणाऱ्या त्या बायका कालामाच्या, आपल्या माणसांचे अवशेष शोधणाऱ्या. त्या कोण, हे गुझमान यांच्या चिलीतल्या प्रेक्षकांना पहिल्यापासून सांगावं लागत नाही. ते मला माहीत नसेल तर शोधायचं काम माझं आहे. 'कोऱ्या मनाने बघावं' असं पुष्कळ जण सांगतात. मला नाही पटत. कोऱ्या मनाने मी फक्त देखावा पाहिला.

सिनेमात दिसणाऱ्या चाकाबुकोचंच घ्या. मला ते एक ओसाड जुनं गाव वाटलं होतं. ती सोरा या खनिजाच्या खाणकामगारांची वस्ती. लष्कराला कैद्यांसाठी छावणी बांधावीच लागली नाही, मजुरांच्या खोल्या तयारच होत्या, फक्त काटेरी तार ओढली. तिथले काही कैदी रात्री तारे ओळखायला शिकत होते. ताऱ्यांवरून वाट काढून पळतील या भीतीने पहारेकऱ्यांनी तेही बंद पाडलं. सिनेमाभर तारे का आहेत, ते मला तेव्हा कुठे कळलं!

परवा पुन्हा लावला. एक बाई तळहातावर हाडांचे बारीक पांढरे कण घेऊन दाखवते. पहिल्या वेळी मी तिच्या मागचं वाळवंट बघत होते. या वेळी तिथेच थांबवलं आणि तिचा हात बघत बसले.