ध्रुवावरचा बर्फ: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज शहरात दक्षिण ध्रुवापेक्षा अधिक बर्फ पडतो, असे मी माझ्या लेखात म्हटले होते. त्यावर ‘दक्षिण ध्रुवापेक्षा सिरॅक्यूजला अधिक बर्फ पडतो असे लिहिणाऱ्याने आधी शाळेचे भूगोलाचे पुस्तक उघडावे’ असे आपण लिहिले आहे. मतभेदाला माझी हरकत नाही, परंतु अनोळखी माणसाची अक्कल काढूनच चर्चेला आरंभ करण्याची ही कोणती रीत?

साचलेला बर्फ आणि दरवर्षी पडणारा बर्फ यांत आपण फरकच केलेला नाही. ध्रुवाखालचा थर २,७०० मीटरच्या आसपास जाड आहे, पण तो हजारो वर्षे न वितळता साठत आला आहे. वर्षभरात तेथे नव्याने भर पडते ती जेमतेम २० सेंटिमीटरची, कारण इतक्या थंड हवेत बाष्प फारसे मावतच नाही. उलट, न गोठलेल्या लेक ऑन्टारियोवरून वाहणारे थंड वारे ऊब आणि बाष्प उचलतात आणि काठावर येताच ते बर्फाच्या रूपाने ओततात, म्हणून सिरॅक्यूजची वार्षिक सरासरी ३०० सेंटिमीटरच्या वर जाते. त्याच सरोवराच्या वायव्य काठावरील टोरोंटोला साधारण १२० सेंटिमीटरच मिळतो, कारण तेथे वारे बहुधा जमिनीकडून सरोवराकडे वाहतात. जपानमधील साप्पोरोचे जानेवारीचे सरासरी तापमान उणे ३ अंशांच्या आसपास असूनही तेथे सुमारे ४८० सेंटिमीटर बर्फ पडतो. तेथे सैबेरियाचे वारे आणि जपानचा समुद्र हेच काम करतात.

मी सिरॅक्यूजमध्ये अनेक हिवाळे काढले आहेत. सकाळी फावड्याने मोकळी केलेली दारापुढची वाट संध्याकाळी पुन्हा बुजलेली ज्याने पाहिली आहे, त्याला पुस्तकाचा सल्ला देताना आपल्याला थोडा संकोच वाटायला हवा होता.

आपली एक सूचना मात्र रास्त आहे. हे आकडे ताज्या बर्फाचे आहेत, जमिनीवर टिकलेल्या थराचे नव्हेत, हे लेखाच्या आरंभीच सांगणे सोयीचे झाले असते. तशी ओळ आता घातली आहे. हिमालय का वगळला, शीर्षक भडक का, या तक्रारींत मी शिरत नाही.

एवढ्यानेही समाधान होत नसेल, तर लेक ईरी या सरोवराच्या काठावरील बफेलो शहराकडे पाहावे. लेक ईरी उथळ असल्याने कडक हिवाळ्यात बराचसा गोठतो, आणि तो गोठला की थंडी वाढलेली असूनही सरोवरामुळे होणारा हिमवर्षाव एकदम घटतो. नुसत्या थंडीने बर्फ पडत असता, तर हे उलटे का घडते, ते आपणच सांगावे.