हाक ऐकू आली तरी गप्प राहायचं?

‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासाच्या टीव्ही मालिकांमधल्या ‘प्राइम डायरेक्टिव्ह’वरचा, म्हणजे परग्रहांच्या कारभारात ढवळाढवळ न करण्याच्या नियमावरचा एक मेसेज साय-फायवेड्या मराठी मंडळींत फिरतोय. त्याचं म्हणणं: प्रगत अंतराळयात्रींनी मागे राहिलेल्या ग्रहांच्या भानगडीत कधीच पडू नये, तिथले लोक मरत असले तरी. अशी प्रत्येक ढवळाढवळ वाटोळंच करते, निसर्गाचा बेत बिघडवते. इंग्रजांनी आपलं काय केलं ते आठवा. हा नियम मलाही प्रिय आहे. त्याचा हा अर्थ मात्र मला मुळीच पटत नाही.

इंग्रजांचंच आधी घेऊ, कारण मी परळला राहतो आणि हाफकिन संस्थेवरून रोज जातो. १८९६मध्ये मांडवीत प्लेग सापडला. पुढे सरकारी पथकं घराघरांत घुसली, रोग्यांना जबरदस्तीने घेऊन गेली. त्याच सुमारास भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. जन्माने ओडेसाचे, म्हणजे तेही बाहेरचेच. मग ती पथकं आणि हाफकिन, दोघांना एकाच मापाने मोजायचं? त्यानंतर ती लस भायखळा तुरुंगातल्या कैद्यांना दिली गेली. ते आपणहून पुढे आले होते म्हणतात, पण गजाआडच्या माणसाचा होकार कितपत खरा, हे मला आजही छळतं. मला तपासायचं असतं ते हेच: होकार कुणी दिला, आणि ‘नाही’ म्हणायची सोय होती का.

‘निसर्गाचा बेत’ तर मला भीतिदायक वाटतो. उत्क्रांतीला बेत नसतोच. ‘स्टार ट्रेक’च्याच ‘एंटरप्राइज’ मालिकेच्या २००२मधल्या ‘डिअर डॉक्टर’ या भागात रोगाने खंगलेले लोक स्वतः यान घेऊन मदत मागायला निघालेले असतात. डॉक्टरला इलाज सापडतो, तरी त्याच ग्रहावरची दुसरी जमात उद्या पुढे येईल म्हणून तो दडवला जातो. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. कुणी जगायचं हे तिथेही पाहुण्यांनीच ठरवलं ना?

त्यापेक्षा ‘स्टार ट्रेक’चाच १९८९चा ‘पेन पाल्स’ हा भाग पाहा. ग्रह फुटायला आलाय, एक लहान मुलगी रेडिओवर ‘कुणी आहे का?’ विचारतेय. यानाचा कप्तान पिकार्ड आधी नियमावर अडून बसतो. तिचा आवाज कानावर पडल्यावर मात्र त्याला पाठ फिरवता येत नाही. माझ्या मते या नियमाचं सगळ्यात शहाणं वाचन तेच.

राहिलं उत्तर सेंटिनल, बाहेरच्यांना जवळ येऊ न देणाऱ्या आदिवासींचं अंदमानातलं बेट. त्याचा दाखला मेसेजमध्ये मोठ्या अभिमानाने दिलाय. १९५६च्या कायद्याने अंदमानातल्या आदिवासींना संरक्षण दिलं, आणि त्या बेटावर जायला मनाई आहे ती योग्यच. बाहेरच्यांचा साधा गोवरही तिथे जीवघेणा ठरू शकतो. पण डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर आपलं हेलिकॉप्टर तिथे गेलंच होतं, माणसं वाचली का ते बघायला. खालून एकाने धनुष्य रोखलं, आणि हेलिकॉप्टर परत फिरलं.