भडका कृष्णविवराच्या आतला नव्हे

वायू कृष्णविवरात पडला की क्ष-किरणांचा भडका उडतो, असे आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराच्या भडक्यांवरील लेखात एका वाक्यात आटोपले आहे. ते सर्वस्वी चुकीचे नसले, तरी मुख्य मुद्दा त्यातून निसटतो. घटना क्षितिजाच्या, म्हणजे जिथून प्रकाशही परत येऊ शकत नाही त्या सीमेच्या, आत गेलेल्या वायूकडून आपल्यापर्यंत काहीच पोहोचत नाही, त्यामुळे जे दिसते ते त्या सीमेबाहेर तापलेल्या आणि चुंबकीय क्षेत्राने पिळवटलेल्या वायूचे असते.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील ‘सॅजिटेरियस ए*’ हे कृष्णविवर सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचे आहे. ऑक्टोबर २००० मध्ये ‘चंद्रा’ या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीने तिथला भडका टिपला, तेव्हा क्ष-किरणांतील तेज नेहमीच्या सुमारे ४५ पट झाले होते आणि एका टप्प्यावर ते अवघ्या १० मिनिटांत पाचव्या हिश्श्यावर आले. ही १० मिनिटे फार बोलकी आहेत, कारण एखादा स्रोत ओलांडायला प्रकाशाला जितका वेळ लागतो, त्याहून फार कमी वेळात तो संपूर्ण स्रोत मंदावू शकत नाही. म्हणजे भडक्याची जागा सुमारे १८ कोटी किलोमीटरांहून, ढोबळमानाने पृथ्वी-सूर्य अंतराहून, फारशी मोठी असणार नाही.

कारणाबद्दल मतभेद आहेत. लघुग्रहांचा चुराडा होत असावा, ही कल्पना आकर्षक आहे खरी; पण सूर्यावरील ज्वालांप्रमाणे चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळताना इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग मिळतो, हे स्पष्टीकरण मला अधिक पटते. २०१८ मध्ये चिलीतील मोठ्या दुर्बिणींना जोडलेल्या ‘ग्रॅव्हिटी’ उपकरणाने अवरक्त भडक्यांचे ठिपके प्रकाशाच्या सुमारे ३० टक्के वेगाने क्षितिजाजवळ फिरताना पाहिले, त्याचा उल्लेख लेखात हवा होता.