पानांचा काढा घातला म्हणून झिंक ऑक्साइड औषध होत नाही

"झिंक नायट्रेट कुठे मिळेल गं? तू केमिस्ट्री शिकवतेस, तुला माहीत असेल," असं मावशीने फोनवर विचारलं तेव्हा मी हादरलेच. तिला कुणीतरी फिरता मेसेज पाठवला होता. तो मीही वाचला होता आणि सोडून दिला होता. आता सोडणं शक्य नाही.

मेसेज म्हणतो: पानांच्या काढ्यात झिंक नायट्रेट मिसळा, आटवा, भाजा, पांढरी पूड (म्हणजे झिंक ऑक्साइड) होईल. ते 'हरित नॅनो औषध', नॅनो म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं. रोज चिमूटभर घ्या. वनस्पतीचे गुण त्यात हजारपट उतरतात, सगळं नैसर्गिक असल्याने दुष्परिणाम शून्य, अँटिबायोटिकची गरज संपली, आणि हे संशोधनाने सिद्ध झालंय.

आधी 'घरी करा'बद्दल, कारण यात जीव जाऊ शकतो. झिंक नायट्रेट तापवलं की नायट्रोजन डायऑक्साइडच्या तपकिरी वाफा निघतात. प्रयोगशाळेत हे काम वाफा ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात करतात. हा वायू दगाबाज आहे. आधी घशात नुसती खवखव होते, माणसाला बरं वाटू लागतं, आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरायला लागतं. शिवाय नायट्रेट जळण्याला ऑक्सिजन पुरवतं आणि काढ्यातले सेंद्रिय पदार्थ म्हणजे इंधन. आटत आलेलं मिश्रण एकाएकी पेटू शकतं. ऑक्साइड बनवण्याची एक पद्धत मुद्दाम याच ज्वलनावर बेतलेली आहे. बरं, भाजणं अर्धवट राहिलं तर उरलेलं नायट्रेट पुडीबरोबर पोटात जाणार.

'वनस्पतीचे गुण उतरतात' हे तर मुळातच चूक. झिंक ऑक्साइडसाठी ही भाजणी बहुधा ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला करतात. त्या तापमानाला पानांतली औषधी द्रव्यं जळून जातात. मग गुण राहणार कशात? 'वनस्पती झिंकचं क्षपण करते', म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देते, हे अशा दाव्यांत येणारं वाक्यही चांदीच्या नॅनोकणांवरून उचललेलं आहे. चांदीच्या क्षारापासून धातूरूप चांदी मिळवताना क्षपण खरंच होतं, द्रावण तपकिरी होतं. झिंकचं तसं नाही. क्षारात त्याची संयुजा, म्हणजे अणूवरचा भार, अधिक दोन, ऑक्साइडमध्येही अधिक दोन. क्षपण व्हायला काही शिल्लकच नाही. ही चूक काही शोधनिबंधांतही सर्रास छापली जाते, याचा मला जास्त राग येतो.

'नैसर्गिक म्हणून निर्धोक' हा मुद्दा निकालात काढायला एकच दाखला देते. खाद्यपदार्थांना पांढरा रंग देणारं टायटॅनियम डायऑक्साइड अनेक दशकं वापरात होतं. त्यात नॅनो आकाराचे कणही असतात. मे २०२१ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगितलं, की पेशींतल्या डीएनएला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, त्यामुळे ते खाण्यात सुरक्षित मानता येणार नाही. २०२२ मध्ये युरोपीय संघाने त्यावर बंदी घातली. कण कशाचा आहे, केवढा आहे आणि शरीरात कुठे जातो, याचा विचार झाला. तो काढ्यात बनवला असता तरी हे प्रश्न तसेच राहिले असते. झिंक ऑक्साइड तर जठरातल्या आम्लात विरघळतं. अमेरिकेत प्रौढांसाठी दिवसाला ४० मिलिग्रॅम झिंक ही कमाल मर्यादा मानतात, आणि चिमूटभर पुडीने ती सहज ओलांडली जाते. मळमळ, उलट्या होतात. रोज घेत राहिलं तर शरीराला तांबं शोषता येत नाही आणि रक्त कमी होतं.

एवढं मान्य करते: झिंक ऑक्साइड जिवाणू मारतं, ते मलमांत असतं, उन्हापासून बचावाच्या क्रीममध्येही असतं. धडधाकट त्वचेवर ते फारसं आत शिरत नाही. पण फवाऱ्यातून श्वासात जाण्याबद्दल युरोपच्या तज्ज्ञ समितीने तीच हमी दिलेली नाही. आणि घातक रसायनांऐवजी वनस्पतींचा अर्क वापरून बघण्याचं संशोधनही चांगलंच आहे. ते प्रक्रिया कमी विषारी करण्यासाठी चाललंय, तयार पूड खाण्यासाठी नव्हे.

राहिलं 'संशोधनाने सिद्ध'. मेसेजखाली एका निबंधाचं पहिलं पान जोडलंय. त्यातले जिवाणू काचेच्या ताटलीत वाढवलेले आहेत. तशा ताटलीत ब्लीचही जिवाणू मारतं. कुणा रुग्णाला पूड दिल्याचा त्यात शब्द नाही. जंतुसंसर्ग झाला असेल तर डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक या पुडीसाठी थांबवू नका. कुणी झिंक नायट्रेट आणून ठेवलंच असेल तर ते कागद, तेल, सुकी पानं आणि शेगडीपासून लांब ठेवा, आणि गरम तर मुळीच करू नका.