टेक्सास की फ्लोरिडा? घरबसल्या भरती करा

परवाच्या शनिवारी आमच्या ओमाहाच्या घरी गणपतीची आरती पाऊण तास उशिरा झाली. मोदक गार झाले, तूप थिजलं. कारण खाली बेसमेंटमध्ये सात बाप्ये टीव्हीसमोर बसून आमच्या राज्याच्या, म्हणजे नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमने पोरं कुठून आणावीत याचा निकाल लावत होते. सातांपैकी एकानेही तो लांबुळका चेंडू आयुष्यात झेललेला नाही. पण ज्ञान असं की ऐकत राहावं! तुम्हालाही या पंगतीत बसायचं असेल, तर चार युक्त्या सांगते.

आधी 'टेक्सास सोडलं तिथेच वाटोळं झालं' हे वाक्य पाठ करा. २०११ साली नेब्रास्का 'बिग ट्वेल्व्ह' हा आपसात सामने खेळणाऱ्या कॉलेजांचा गट सोडून 'बिग टेन' या दुसऱ्या गटात गेलं, टेक्सासात जाणं-येणं संपलं, तिथली पोरं हातची गेली. हे दर वेळी आजच शोध लागल्यासारखं सांगायचं. मग कुणीतरी फ्लोरिडा काढेल. १९९४ आणि १९९५चं अजिंक्यपद मिळवून देणारा टॉमी फ्रेझर कुठला? फ्लोरिडाचा! तिसरा न्यू जर्सी म्हणेल, कारण १९८३चा हाइझमन, म्हणजे कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा करंडक, जिंकणारा आपला माइक रोझियर तिथला. चौथा मांडी थोपटेल, 'आपल्या मातीतली पोरं घ्या!' हाइझमनवाला जॉनी रॉजर्स ओमाहाचा, हाइझमनवाला एरिक क्राउचही ओमाहाचा. चौघंही खरं बोलतात, म्हणूनच आरतीला उशीर होतो.

नकाशा आलाच पाहिजे. विद्यापीठाच्या गावाभोवती, लिंकनभोवती, पाचशे मैलांचं वर्तुळ काढा. त्यात कॅन्सस सिटी येतं, डेन्व्हर येतं, शिकागो येतं. डॅलस पन्नासेक मैलांनी हुकतं. मग वर्तुळ मोठं करा, तुमच्या बापाचं काय जातंय? वीस लाख वस्तीचं आपलं राज्य, म्हणजे एकट्या पुण्यापेक्षाही कमी माणसं. बाहेरून पोरं आणावीच लागणार, हे कळायला सात इंजिनियर कशाला लागतात ते मात्र मला विचारू नका.

जिंकलो तर 'मी तेव्हाच म्हणालो होतो', हरलो तर कोच गाढव.

मातीचा मुद्दा मात्र बेताने ताणा. १९९७च्या विजेत्या टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, स्कॉट फ्रॉस्ट, अस्सल नेब्रास्काचा, २०१८च्या मोसमासाठी कोच म्हणून आला तेव्हा याच बेसमेंटमध्ये पेढे वाटले गेले. १६ सामने जिंकले, ३१ हरले, २०२२च्या सप्टेंबरात नारळ मिळाला. आणि २००३ साली नऊ सामने जिंकूनही फ्रँक सोलिच या कोचला काढलं होतं, 'एवढ्यावर भागत नाही' म्हणून. आज कुणी नऊ जिंकून देईल तर ही मंडळी अनवाणी लिंकनला जातील.

पोराची माहिती स्थळासारखी वाचा. उंची, वजन, चाळीस यार्ड किती सेकंदांत, आणि पत्रिकेच्या जागी भरतीच्या वेबसाइटांनी दिलेले स्टार, जास्तीत जास्त पाच. तीनच स्टार दिसले की नाक मुरडा. ॲरिझोनाचा ब्रॉक पर्डी तीन स्टारचाच होता, आयोवा स्टेटला गेला, २०२२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक टीम कॉलेजची पोरं निवडतात तिथे, अगदी शेवटचा, २६२वा निवडला गेला आणि पुढे सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक अजिंक्यपदाची फायनल, खेळला. ही गोष्ट सोयीस्कर विसरा.

पैशांचा विषय निघाला की 'निष्ठा' हा शब्द जड आवाजात उच्चारा. २०२१पासून पोरांना आपल्या नावावर कमावता येतं, कॉलेज बदलणंही सोपं झालंय, त्यामुळे कुणाला निष्ठाच उरली नाही म्हणे. हे सांगणाऱ्याने स्वतः सहा वर्षांत चार कंपन्या बदललेल्या असाव्यात. पॅकेजसाठी नाही हो, 'ग्रोथ'साठी!

आणि शेवटची युक्ती. एखाद्या पोराने आधी आपल्याला होकार दिला आणि मग दुसरं कॉलेज धरलं, तर रात्री एक वाजता त्याच्या अकाउंटवर जाऊन चार शब्द सुनवा. आमच्या समोरच्या घरातला पोरगा, मागच्या जानेवारीत न सांगता आमच्या दारातला बर्फ काढायचा. त्याने परराज्यातलं कॉलेज निवडलं. त्याला 'गद्दार' लिहिलं गेलं. 'गुडघा मोडो' लिहिलं गेलं. त्याच्या आईने मला फोनवर दाखवलं, आणि त्या यादीत एक नाव मराठी होतं. माझ्या पंगतीत बसून जेवलेलं.

भावजी, तुम्हालाच म्हणतेय. इकडेतिकडे बघू नका. तुम्ही चव्वेचाळीस वर्षांचे, तो सतरा. अंगाने दांडगा दिसतो म्हणून काय झालं, आईने हाक मारली की अजून 'पाच मिनिटं' म्हणतो तो. उद्या तुमच्या मुलीने इथलं सोडून दुसरीकडे ॲडमिशन घेतली आणि कुणी तिला असं लिहिलं, तर पोलिसात जाल ना? त्याने कुठे खेळावं हे तो आणि त्याचे आईबाप ठरवतील. तुमचा संबंध काय? लाज वाटायला हवी. ते लिहिलेलं आजच काढा आणि समोर जाऊन त्याची माफी मागा. जमत नसेल तर पुढच्या वर्षी आरतीला येऊ नका.

आणि त्या दिवशी मोदक भरून नेलेला माझा स्टीलचा डबा परत आणून द्या. झाकणासकट.