साबणाचा फुगा, स्टिकर आणि तुमची भाची

भाऊ,

लायपोसोममधून, म्हणजे लिपिडच्या (स्निग्ध पदार्थाच्या) सूक्ष्म पोकळ गोळ्यातून, पेशीत जनुक पोचवण्यावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "साबणाच्या फुग्यात डीएनए भरून रोग बरे करणार म्हणता. बीटीचं बियाणंही असंच गुणाचं म्हणून आलं होतं. माझी भाची एसएस आहे, तिच्या आईला हे वाचून दाखवू काय?"

नका दाखवू. 'जनुक थेट पेशीत पोचतं' हे माझं वाक्य चुकलंच, आणि त्याच परिच्छेदात सिकलसेलचं, म्हणजे भाचीला असलेल्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं, नाव घ्यायला नको होतं.

डीएनएवर ऋण भार, पेशीच्या अंगावरही ऋणच, म्हणून दोघं एकमेकांना दूर लोटतात. फेल्गनर नावाच्या शास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये धन भाराचं लिपिड वापरून ही अडचण सोडवली. फवारणीत आपण स्टिकर टाकतो ना, नाहीतर थेंब कपाशीच्या पानावरून घरंगळून जातो, तसंच हे. पण पानाला चिकटलेलं औषध अळीच्या पोटात जाईलच असं नाही. इथंही पेशी तो डीएनए-लिपिडचा गोळा स्वतःच्या एका पिशवीत गिळते. पिशवी वेळेवर फुटली नाही तर आतला डीएनए तिथंच पचून जातो. फुटली तरी पुढं केंद्रक (पेशीतली गुणसूत्रांची जागा) आहे, डीएनए तिथं पोचावं लागतं, आणि विभागणी थांबलेल्या पेशीत तिथं शिरणं फार अवघड. आरएनएचं (जनुकाच्या निरोपाच्या प्रतीचं) काम केंद्रकाबाहेरच होतं, म्हणून फायझरच्या कोविड लशीत लिपिडचे कण कामी आले.

ब्रिटनमध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुप्फुसात चिकट कफ साचवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) रुग्णांना लायपोसोममधलं जनुक वर्षभर, दर महिन्याला श्वासावाटे दिलं. २०१५ मध्ये निकाल आला: नुसतं खारं पाणी हुंगलेल्यांपेक्षा फुप्फुसाची क्षमता सरासरी ३.७ टक्क्यांनी बरी. बस, एवढंच. हा आकडा मी लेखात द्यायला हवा होता. उत्साहात राहून गेला.

साबणाचा फुगा मात्र म्हणू नका. त्याच्या आत हवा असते, लायपोसोमच्या आत पाणी, आणि त्याची भिंत आपल्या पेशीच्या पडद्यासारखीच दुहेरी. २०२१ मध्ये म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) पेशंटसाठी नागपुरात लोक ज्या 'लायपोसोमल' इंजेक्शनसाठी मेडिकल-मेडिकल फिरत होते, ते याच जातीचं.

आता बीटी. बोंडअळीचा राग मलाही आहे, माझीही तीन एकर कपाशी तिनं खाल्ली. पण बीटीचं जनुक झाडाच्या गुणसूत्रातच बसवलेलं, म्हणून ते सरकीत उतरतं. लायपोसोममधून गेलेलं डीएनए सहसा गुणसूत्राला जोडलंच जात नाही, काही आठवड्यांत त्याचा असर ओसरतो. म्हणूनच तर तिकडं दर महिन्याला डोस द्यावा लागला.

भाचीचं सांगतो. सिकलसेलचं मूळ अस्थिमज्जेतल्या पेशींत, आणि शिरेतून सोडलेले लिपिडचे कण बहुतेक यकृतातच अडकतात. २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेल्या कॅसजेव्ही उपचारात लायपोसोम नाहीच. पेशी शरीराबाहेर काढून, विजेच्या झटक्यानं पडदा उघडून जनुकात बदल करतात, मग केमो देऊन त्या परत सोडतात. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. आपल्या पीएचसीत त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया लिहून दिली असेल तर बरं वाटतं म्हणून ती परस्पर बंद करू नका. ताप आला तर अंगावर काढू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तिच्या धाकट्या भावंडांची इलेक्ट्रोफोरेसिस (सिकलसेल ओळखायची रक्ततपासणी) झाली काय? तेवढं कळवा.

लेखातलं ते वाक्य आज रात्री बदलतो, लाइन राहिली तर.