हजार डाव की एकच डाव हजारदा?

बुद्धिबळाच्या इंजिनांवरच्या (म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमवरच्या) एका लेखात म्हटलंय, सुरुवातीच्या मांडणीपासून दोन इंजिनांत हजार डाव खेळवले की कोण भारी ते कळतं. नाही कळत, राजेहो! एकच थ्रेड (एका वेळी एकच हिशोब), ठरावीक डेप्थ (किती चाली पुढं पाहायचं) आणि दर डावाआधी हॅश (आधीच्या हिशोबांची आठवण) रिकामा असेल, तर इंजिन पुन्हा त्याच चाली खेळतं. मग हजारात वेगळे डाव दोनच; रंग बदलला तेवढाच फरक. गावातल्या एका पोराची पीजीएन (डावांच्या चाली लिहिलेली फाइल) पाहिली: वरपासून खालपर्यंत तीच बर्लिन नावाची ओपनिंग (सुरुवातीच्या चाली), तीच हत्तींची मारामारी, तीच बरोबरी. इकडे दारव्ह्याकडं लाइट कधी जाईल नेम नाही, असले डाव खेळवायला लॅपटॉप कोण जाळत बसणार? ओपनिंग बुक (सुरुवातीच्या वेगवेगळ्या चालींची यादी) लावा, प्रत्येक ओपनिंग रंग बदलून दोनदा. फार समतोल बुकही नको, नुसत्या बरोबऱ्या होतात. स्टॉकफिश हे इंजिन बनवणारे म्हणूनच मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या ओपनिंग घेतात. आधी सारखे डाव गाळा, मग एलोचं (कोण किती भारी त्या गुणांकाचं) बोला.